स्टॉकहोमचे चार दिवस: ठाण्याहून आखणी करताना

फेब्रुवारी-मार्च आला की ठाणे-डोंबिवलीच्या पेपरांत सहलींच्या जाहिराती सुरू होतात. त्यांत ‘स्कँडिनेव्हिया’ म्हटलं की कोपनहेगन, ओस्लो आणि स्टॉकहोम एका दमात उरकलेले असतात, सहा रात्रींत तीन राजधान्या. हिशेब करून बघा. स्टॉकहोम ते कोपनहेगन रेल्वेने पाच तासांच्या वर, ओस्लोलाही तेवढेच. विमान तासाभराचं असलं तरी आर्लांडा विमानतळ शहरापासून चाळीस किलोमीटर. हॉटेल सोडणं, सुरक्षा तपासणी, पलीकडे उतरून गावात जाणं धरलं की अर्धा दिवस गेला. दोनदा शहर बदललं की सहातला एक अख्खा दिवस बॅगा ओढण्यात जातो, आणि राहिलेल्या वेळात बसच्या काचेतून राजवाडे बघायचे.

हातात पाच-सहा दिवसच असतील तर एकच शहर धरावं. माझं मत स्टॉकहोमला. शहर चौदा बेटांवर पसरलंय, मेट्रोचं तिकीट गावातल्या फेरीबोटीलाही चालतं, आणि जुनं गाव, संग्रहालयांचं बेट, बाहेरचा द्वीपसमूह यांपैकी कुठलंही ठिकाण मध्यवर्ती भागापासून फार लांब नाही. चार रात्री पुरतात. मात्र आखणी ‘काय बघायचं’ इथून सुरू करू नका. आधी कॅलेंडर बघा, मग व्हिसा, मग पैसे. ठिकाणांची यादी सगळ्यांत शेवटी.

तारखा

आपल्याकडची सुट्टी म्हणजे मे. स्टॉकहोमला मेच्या मध्यावर सूर्य पहाटे सव्वाचारच्या सुमाराला उगवतो आणि रात्री नऊनंतर मावळतो. दिवसा पंधरा-सोळा अंश, सकाळी सात-आठ. फिरायला उत्तम महिना, फक्त वारा बोचतो. एप्रिलच्या शेवटी कुंग्सत्रेगोर्डेन या मधल्या बागेत चेरी फुलते. मेच्या पहिल्या आठवड्यात पोचलात तर कधीकधी तीही मिळते. पण १ मे ही सुट्टी, आणि ईस्टरनंतर एकोणचाळीस दिवसांनी येणारा गुरुवार हीसुद्धा सुट्टी. त्याला जोडून शुक्रवारी अर्धं शहर रजा टाकतं. ६ जून हा राष्ट्रीय दिन.

सगळ्यांत मोठा सापळा जूनमधल्या मिडसमरचा. मिडसमरची पूर्वसंध्या १९ ते २५ जूनमधल्या शुक्रवारी येते. नाव ऐकून वाटतं, काय जल्लोष असेल! प्रत्यक्षात शहरातली माणसं गावाकडच्या घरी निघून जातात, दुकानं, उपाहारगृहं, बरीच संग्रहालयं बंद. तोच आठवडा हाती असेल तर शुक्रवार स्कान्सेन या खुल्या संग्रहालयाला द्या. तिथे मिडसमरचा खांब उभारून नाच होतो आणि ते उघडं असतं. बाकीची ठिकाणं बुधवार-गुरुवारपर्यंत संपवा.

दिवाळीच्या सुट्टीत जायचा मोह स्वस्त तिकिटांमुळे होतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य चारच्या आत मावळतो, आणि आपल्याशी साडेतीन तासांचा असलेला फरक साडेचार होतो. डिसेंबरात उजेड जेमतेम सहा तास. नाताळचे बाजार बघायचे असतील तर जरूर जा, पण मग दिवसाला एकच मोठं ठिकाण धरा, आणि बुटांना खालून लावायचे खिळ्यांचे पट्टे तिथे उतरल्या-उतरल्या घ्या. फुटपाथवरचा बर्फ वितळून रात्री पुन्हा गोठतो, तो गुळगुळीत थर डोळ्यांना दिसत नाही.

आठवड्याचा वारही मोजा. नॅशनल म्युझियम आणि मॉडर्ना म्युझियम सोमवारी बंद. वासा जहाजाचं संग्रहालय आणि स्कान्सेन रोज उघडी. तेव्हा सोमवार नेहमी ही दोन्ही जिथे आहेत त्या यूरगोर्डेन बेटासाठी.

व्हिसा

स्वीडन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. अर्ज मुंबईच्या व्हिसा केंद्रात घेतला जातो, निर्णय दिल्लीतल्या दूतावासात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाची मुदत पंधरा दिवस, शंका आल्यास पंचेचाळीसपर्यंत. मेमध्ये जायचं असेल तर अर्ज फेब्रुवारीत द्या. एप्रिलमध्ये अख्ख्या मुंबईची मुलं परीक्षा संपवून युरोपला निघतात आणि भेटीची वेळ मिळत नाही. फी प्रौढांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, यावरून बरेच गोंधळ होतात. नियम साधा: जिथे जास्त रात्री, तो देश. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार तो. भेटीची वेळ लवकर मिळते म्हणून दुसऱ्याच देशाकडे अर्ज करायचा आणि राहायचं स्वीडनमध्ये, ही युक्ती विमानतळावर अंगाशी येऊ शकते.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध हवा, गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, दोन पानं कोरी हवीत. विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांना लागू असलेला. विम्याच्या तारखांत चूक होते ती अशी: विमान शनिवारी पहाटे चारला सुटतं, माणूस ठाण्याहून निघतो शुक्रवारी रात्री, आणि कुणी शुक्रवार धरतं, कुणी शनिवार. विमा, हॉटेल आणि विमान या तिन्ही कागदांवरच्या तारखा एकमेकांशी जुळवून बघा आणि विम्याला मागेपुढे एक-एक दिवस जोडा. खर्च नगण्य.

बँकेचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट शिक्क्यासह, आयकर विवरणपत्रं, नोकरी असेल तर रजेचं पत्र आणि पगाराच्या पावत्या, निवृत्तांना पेन्शनचे कागद, व्यवसाय असेल तर नोंदणी. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक चार लाख येऊन पडले तर ते उठून दिसतात. मुदतठेव मोडून पैसे आणले असतील तर ठेवीची पावती सोबत जोडा, म्हणजे उगम कळतो. अल्पवयीन मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र आणि जन्मदाखला लागतो. विमानाचं तिकीट पूर्ण पैसे भरून काढण्याची गरज नाही, आरक्षण चालतं. हॉटेलचं बुकिंग मात्र प्रत्येक रात्रीचं हवं, आणि त्यावर सोबतच्या सगळ्यांची नावं हवीत. चार जणांच्या कुटुंबाचं बुकिंग एकाच्याच नावावर असणं ही फार सामान्य त्रुटी आहे.

रोजचा कार्यक्रमही जोडावा लागतो. तो कुठून तरी उतरवून न देता खरा करा, कारण पुढे तोच वापरायचा आहे.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर नवी नोंदणी पद्धत सुरू झाली. पहिल्या प्रवेशाला फोटो घेतात. व्हिसा असलेल्यांचे बोटांचे ठसे व्हिसाच्या नोंदीत आधीच असतात, ते पुन्हा नोंदवत नाहीत. ही नोंद तुम्ही जिथे प्रथम शेंगेनमध्ये शिरता तिथे होते. म्हणून फ्रँकफर्ट किंवा म्युनिकमार्गे जात असाल तर तिथल्या थांब्यात किमान अडीच-तीन तास ठेवा. दीड तासाची जोडणी स्वस्तात मिळते, पण रांग लांबली की पुढचं विमान गेलं. दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे गेलात तर ही रांग आर्लांडाला लागते, आणि तिथे पुढचं विमान पकडायचं नसतं. आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांना मी आखाती मार्गच सुचवेन.

तिकीट काढताना विमानतळाचा कोडही वाचा. आता मुंबईला दोन विमानतळ आहेत. बीओएम म्हणजे सहार, एनएमआय म्हणजे उलवे. ऐरोली-वाशीकरांना दिल्लीमार्गे जाताना देशांतर्गत टप्पा उलव्याहून सोयीचा वाटतो, पण परतीचं विमान सहारला उतरत असेल तर गाडी उलव्याला लावून ठेवण्यात अर्थ नाही.

पैसे

स्टॉकहोममध्ये रोख नोटा जवळजवळ निरुपयोगी. बस रोख घेत नाही, बरीच उपाहारगृहं घेत नाहीत, संग्रहालयंही नाहीत. स्वच्छतागृहाच्या दारालासुद्धा कार्ड लावायचं. क्रोनरच्या नोटा नेऊच नका. शेजाऱ्यांकडे दहा-बारा वर्षांपूर्वीच्या सहलीतल्या उरलेल्या नोटा असतील तर त्या मुळीच घेऊ नका, स्वीडनने २०१६-१७ मध्ये जुन्या नोटा बाद केल्या. एक क्रोनर साधारण नऊ-दहा रुपये धरा, निघताना भाव बघा.

व्हिसा किंवा मास्टरकार्डची दोन कार्डं, शक्यतो दोन वेगळ्या बँकांची. केवळ रुपे असेल तर अडाल. आपल्या बँकांनी दिलेल्या कार्डांवर परदेशी वापर आणि टॅप हे सहसा बंद असतात, ते बँकेच्या ॲपमध्ये जाऊन स्वतः सुरू करावे लागतात. दोन्हीसाठी वेगवेगळी बटणं असतात. एक सुरू करून दुसरं राहतं आणि मेट्रोच्या फाटकाशी कार्ड नाकारलं जातं. ४०० क्रोनरच्या वर टॅप चालत नाही, पिन मागतात, तेव्हा कार्डाचा चार आकडी पिन पाठ हवा. मशिनने ‘रुपयांत की क्रोनरमध्ये’ विचारलं तर क्रोनर. रुपये निवडले की भाव दुकानदाराच्या बँकेचा लागतो, आणि तो वाईट असतो.

फॉरेक्स कार्डात क्रोनरचा कप्पा नसेल तर युरो भरून नेण्याचा सल्ला एजंट देतात. त्यात रुपयाचे युरो आणि युरोचे क्रोनर असे दोनदा पैसे सुटतात, वर चलनबदलाचं शुल्क. क्रोनर भरता येत नसतील तर परदेशी वापरावर शुल्क न घेणारं साधं डेबिट कार्ड बरं.

आणि ओटीपी. तिथे बसून स्ताद्सहूसेतचं (नगरभवनाचं) किंवा बोटीचं तिकीट काढायला गेलात की संदेश तुमच्या भारतीय नंबरवर येणार. ई-सिम घेतलं तरी मूळ सिम फोनमध्ये ठेवा, रोमिंगमध्ये एसएमएस येतो का ते निघण्यापूर्वी कंपनीला विचारून घ्या. सगळे तिथे स्विश नावाने फोनवरून पैसे देतात, ते बघून ॲप उतरवू नका. स्वीडिश बँक खातं असल्याशिवाय ते चालत नाही.

आर्लांडाहून गावात

तीन-चार वाटा आहेत, आणि पैशाचा सर्वांत मोठा फरक इथेच पडतो. आर्लांडा एक्सप्रेस ही खास गाडी, १८ ते २० मिनिटांत मध्यवर्ती स्थानकावर, पण तिकीट तीनशे क्रोनरच्या वर. चार जणांचे बारा हजार रुपयांच्या पुढे जातात. विमानतळाची बस पाऊण तासात सिटी टर्मिनलला सोडते, निम्म्याहून कमी पैशांत. लोकल, म्हणजे पेंडेलतोग, विमानतळाच्या खालीच येते आणि चाळीसेक मिनिटांत पोचवते. पण त्या एका स्थानकात शिरण्या-उतरण्याचं वेगळं शुल्क आहे, जे साध्या तिकिटात नसतं. शहराचा तीन दिवसांचा पास हातात असूनही फाटक उघडत नाही, लोक पास खराब झाला म्हणून भांडत बसतात.

स्वस्त वाट अशी: विमानतळाबाहेरून ५८३ क्रमांकाची बस पकडून मेश्ता, तिथून पेंडेलतोगने स्टॉकहोम सिटी. पूर्ण प्रवास शहर वाहतुकीच्या, म्हणजे एसएलच्या साध्या तिकिटात, ज्याची किंमत चाळीस क्रोनरच्या थोडी वर आहे. सव्वा तास धरा. दिवसा पोचत असाल, हातात एकच बॅग असेल तर हीच वाट घ्यावी. रात्री अकरानंतर, वयस्कर माणसं आणि चार सुटकेस असतील तर विमानतळाची बस.

एसएल म्हणजे स्टॉकहोमची मेट्रो, बस, लोकल, ट्राम सगळं चालवणारी संस्था. एकेरी तिकीट ७५ मिनिटं चालतं, त्यात कितीही वेळा गाडी बदला. फाटकाला बँकेचं कार्ड टॅप केलं की काम होतं, पण दोन गोष्टी सांभाळा. माणशी एक कार्ड लागतं. एकाच कार्डावर चौघांना आत घेता येत नाही. आणि प्लास्टिकचं कार्ड व फोनमधलं तेच कार्ड फाटकाला दोन वेगळी कार्डं वाटतात, सुरुवात ज्याने केली तेच पंचाहत्तर मिनिटं लावत राहा. वीस वर्षांखालच्यांना आणि ६५ पूर्ण झालेल्यांना सवलत आहे, ती ॲपमधून सवलतीचं तिकीट निवडून घ्या. चार दिवसांसाठी ७२ तासांचा पास साधारण परवडतो, पण तो पहिल्या वापरापासून सुरू होतो. पोचल्याच्या संध्याकाळी पायीच फिरणार असाल तर दुसऱ्या सकाळी सुरू करा, म्हणजे शेवटचा दिवसही त्यात येतो.

राहायचं कुठे

गामला स्तानमध्ये, म्हणजे जुन्या गावात, हॉटेल घेण्याची हौस सगळ्यांना असते. गल्ल्या दगडी, उंच-सखल, गाडी दारापर्यंत बऱ्याचदा जात नाही, आणि सुटकेसची चाकं त्या दगडांवर टिकत नाहीत. फिरायला ते, राहायला टी-सेंत्रालेन मेट्रो स्थानकाच्या आसपास किंवा सोदरमाल्मला. थोडे पैसे वाचवायचे असतील तर मेट्रोने दहा-पंधरा मिनिटांवरचं काहीही चालेल, गाड्या वेळेवर असतात.

मध्यवर्ती भागातल्या स्वस्त खोल्या पाहताना ‘खिडकी नाही’ हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. बरेच जण चिडतात. जूनमध्ये पहाटे साडेतीनला उजाडतं तेव्हा अशी खोली वरदान वाटते, हेही खरं. हॉस्टेलमध्ये चादरी-टॉवेलचे वेगळे पैसे असतात, घरच्या सुती चादरी न्या. हॉस्टेलची खरी किंमत तिथल्या स्वयंपाकघरात आहे, त्याबद्दल पुढे.

दिवस कसे लावायचे

पोचण्याचा दिवस मोकळा ठेवा. संध्याकाळी गामला स्तान पायी. तलावपाळीला दोन चकरा मारण्याइतकं अंतर, त्याहून जास्त नाही. स्तूरतोरयेत हा मधला चौक. १५२० साली डेन्मार्कच्या राजाने इथे स्वीडिश सरदार-बिशपांची कत्तल केली, तिच्यामुळे उठलेल्या बंडातून स्वीडन डेन्मार्कपासून कायमचं सुटलं. त्याच चौकात नोबेल पारितोषिकाचं संग्रहालय आहे. जवळच सगळ्यांत अरुंद गल्ली, मोर्तेन त्रोत्सिग्स ग्रेंद, एका टोकाला ९० सेंटिमीटर. मग पुलावरून सोदरमाल्मला जाऊन मोंतेलियसवेगेन या कड्यावरच्या पायवाटेवर. समोर पाणी, पलीकडे स्ताद्सहूसेतचा मनोरा. फुकट आहे, आणि पैसे देऊन चढायच्या कुठल्याही मनोऱ्यापेक्षा मला हे उजवं वाटतं.

दुसरा दिवस यूरगोर्डेनचा. नकाशात शोधताना पहिलं अक्षर डी आहे हे लक्षात ठेवा. जायला ७ क्रमांकाची ट्राम, यायला स्लुसेनची ८२ क्रमांकाची फेरीबोट, एसएलचं तिकीट चालतं. पाण्यावरून शहर बघायला साडेतीनशे क्रोनरची पर्यटक बोट घेण्याआधी ही एकदा करून बघा. निम्म्या लोकांची हौस त्यातच भागते.

वासा संग्रहालय उघडताच गाठा. जून ते ऑगस्ट सकाळी साडेआठला उघडतं, बाकी वर्ष दहाला. अकरानंतर क्रूझ जहाजांतली गर्दी येते. १० ऑगस्ट १६२८ ला हे युद्धजहाज पहिल्याच सफरीवर निघालं आणि जेमतेम १३०० मीटर जाऊन उलटलं. बुडण्याचं कारण समजून आत गेलात तर जहाज वेगळंच दिसतं. जहाज वर जड होतं. दोन मजल्यांवर तोफा, चौसष्ट एकूण, त्यावर कोरीवकामाने लगडलेला उंच मागचा भाग. तळ त्या मानाने अरुंद, आणि तळाशी भरायच्या दगडांना पुरेशी जागा नाही. वाऱ्याच्या झोताने जहाज कललं, खालच्या मजल्यावरच्या तोफांच्या खिडक्या उघड्याच होत्या, त्यांतून पाणी आत शिरलं. तळमजल्यावरून वर बघताना त्या खालच्या खिडक्या पाण्यापासून किती कमी उंचीवर असतील याचा अंदाज येतो. वर काढलं १९६१ मध्ये. तीनशे तेहतीस वर्षं लाकूड टिकलं, कारण बाल्टिकचं पाणी कमी खारं आहे आणि लाकूड पोखरणारी समुद्री अळी त्यात जगत नाही. मुंबईच्या खाडीत इतकी वर्षं टिकलं नसतं. पाणी काढून टाकलं असतं तर लाकूड आकसून तडकलं असतं, म्हणून सतरा वर्षं त्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल फवारत होते.

आधी छोटी फिल्म बघा, मग खालून वर एकेक मजला. दोन तास. आत लाकडासाठी हवा गार ठेवतात आणि उजेड मंद असतो, जॅकेट काढून कपाटात टाकू नका. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश फुकट.

हीच गोष्ट पर्यटक पासाच्या हिशेबात येते. सर्व ठिकाणांचा एकत्र पास मुलांसाठी घेतला की वासासारख्या फुकटच्या ठिकाणांचेही पैसे भरले जातात. शिवाय त्यात एसएलचा प्रवास नसतो. कागदावर खरोखर जाणार आहात तीच ठिकाणं लिहा आणि बेरीज करा. मोठ्यांचे वासा, स्कान्सेन, स्ताद्सहूसेत मिळून ढोबळ सहा-सातशे क्रोनर. दिवसाला दोन ठिकाणं बघणाऱ्याला पास सहसा परवडत नाही. पासवाले चार धरून हिशेब मांडतात.

दुपारनंतर स्कान्सेन. १८९१ चं, जगातलं सर्वांत जुनं खुलं संग्रहालय. देशभरातून भाग सुटे करून आणलेली जुनी घरं, शेतं, कारागिरांच्या कार्यशाळा, आणि अस्वल, युरोपीय बायसन, मूस नावाचं मोठं हरीण. चढ आहे. गुडघेदुखीवाल्यांनी मुख्य दारातून सरकत्या जिन्याने वर जाऊन मग उतरत यावं. मे ते ऑगस्टमध्ये घरांत माणसं काम करताना दिसतात, हिवाळ्यात बरीचशी घरं बंद असतात. तीन तासांपेक्षा कमी वेळ असेल तर स्कान्सेन वगळा.

तिसरा दिवस स्ताद्सहूसेत, म्हणजे नगरभवन. आत मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं. सभा किंवा समारंभ असला की फेऱ्या रद्द होतात, आदल्या दिवशी वेबसाइट बघा. सकाळच्या फेरीत गर्दी कमी. दहा डिसेंबरचं नोबेल भोजन होतं तो ‘निळा’ सभागृह लाल विटांचा आहे. वास्तुविशारद राग्नार ओस्तबेरी निळा रंग देणार होते, विटा बघून बेत बदलला, नाव तेच राहिलं. वरच्या सोनेरी सभागृहात एक कोटी ऐंशी लाखांवर तुकड्यांची नक्षी आहे. मनोरा फक्त मे ते सप्टेंबर. तिथून राजवाड्यावर पहारा बदलताना बघायचा तर सव्वाबाराला, रविवारी सव्वाएकला. अर्धा तास आधी गेलं नाही तर पुढच्याच्या टोप्या दिसतात.

दुपार मेट्रोला द्या, विशेषतः पाऊस असेल तर. १९५० पासूनच्या या मेट्रोची नव्वदहून अधिक स्थानकं चित्र-शिल्पांनी सजवलेली आहेत. टी-सेंत्रालेनच्या निळ्या मार्गाचा फलाट, उघड्या खडकावर निळी पानं. तिथून ११ क्रमांकाने रोदहूसेत, पुढे सोल्ना सेंत्रुम, जिथे लाल आकाशाखाली किलोमीटरभर हिरवं जंगल रंगवलंय. मग उलट येऊन कुंग्सत्रेगोर्डेन. लाल मार्गाने स्तादियोनला इंद्रधनुष्य. फाटकाबाहेर पडायचं नाही, सव्वा तासाच्या तिकिटात तीन-चार स्थानकं सहज. चारनंतर कामावरून सुटणारी गर्दी. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहा, डावीकडून माणसं पळतात.

चौथा दिवस शहराबाहेर. द्वीपसमूहातल्या वाक्सहोल्म गावाला स्त्रोमकायेन धक्क्यावरून वाक्सहोल्म्सबोलागेतची बोट, सव्वा तासाच्या आसपास. येताना ६७० क्रमांकाची बस, एसएलच्या पासात. दोन्ही बाजूंनी बोट घेतली तर वेळ आणि पैसा दोन्ही दुप्पट, दृश्य तेच. बोटींचं वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं, उन्हाळ्याखेरीज फेऱ्या तुरळक. वारा जोराचा असेल तर त्याऐवजी द्रोतनिंगहोल्म राजवाडा. हिरव्या मार्गाने ब्रोमाप्लान, तिथून बस.

खाणं

आमरसाच्या मोसमात निघणाऱ्यांना आधी वाईट बातमी. हापूसची पेटी नेता येत नाही. युरोपीय संघात ताजी फळं-भाज्या वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढेच अपवाद. कढीपत्त्याची जुडीही त्यातच. दूध, तूप, पेढे, बर्फी, पनीर, श्रीखंड, आणि मांस असलेलं काहीही बंद. थेपले, चिवडा, भाकरवडी, मेतकूट, कैरीचं लोणचं, तयार पोहे-उपम्याची पाकिटं चालतात. लाडू न्यायचे तर तेलातले. तुपातले घरीच ठेवा.

तिथे दुपारचं जेवण हेच मुख्य धरा. सोमवार ते शुक्रवार अकरा ते दोन ‘दागेन्स’ म्हणजे दिवसाचं ठरलेलं ताट मिळतं, दीडशे क्रोनरच्या आसपास, त्यात सॅलड, ब्रेड, कॉफी धरलेली असते. संध्याकाळी तेच दुप्पट. शाकाहारी पर्याय जवळपास सगळीकडे असतो, पण फलकावर ‘वेगेतारिस्क’ शोधा आणि तरी मासे चालत नाहीत हे स्पष्ट सांगा. फ्लेस्क आणि शिंका म्हणजे डुकराचं, नोत म्हणजे गाय-बैलाचं, शुकलिंग कोंबडी. फलाफलच्या टपऱ्या स्वस्त आणि निर्धोक. नळाचं पाणी प्या, बाटली विकत घेण्यात काही हशील नाही. घेतलीच तर बाटलीवर ठेव असते, सुपरमार्केटच्या दाराजवळच्या मशिनमध्ये टाकली की परत मिळते.

हॉस्टेलच्या स्वयंपाकघराचा फायदा रात्रीच्या जेवणाला. इका, कूप, लिडल या सुपरमार्केटांतून दही, ब्रेड, बटाटे, अंडी, मसूर सहज मिळतात. मोहरी-हिंग-हळद-मसाल्याची एक पुडी घरून नेली की वरण-भात होतो. मोहरी तडतडली की धुराचा अलार्म वाजतो, पंखा आधी सुरू करा. वाइन वगैरे फक्त सिस्तेमबोलागेतच्या दुकानांत, शनिवारी दुपारी तीनला बंद, रविवारी उघडतच नाही.

परतताना

खरेदीवरचा कर परत घ्यायचा असेल तर दुकानातच फॉर्म मागून घ्यावा लागतो, नंतर मिळत नाही. एका दुकानात किमान २०० क्रोनरची खरेदी हवी. विमानतळावर वस्तू आणि पावत्या आधी दाखवा, मग बॅग चेक-इनला द्या. बॅग पट्ट्यावर गेली की दाखवायला काही उरत नाही. फॉर्मवर पासपोर्ट नंबर लिहिलाय ना ते दुकानातच बघा. ५८३ च्या वाटेने परत जात असाल तर विमानाच्या चार तास आधी हॉटेल सोडा, आणि रविवारी सकाळी निघत असाल तर लोकलच्या दुरुस्तीच्या सूचना आदल्या रात्री एसएलच्या ॲपवर वाचून ठेवा. ट्रॅकची कामं बहुधा शनिवार-रविवारीच काढतात, आणि त्याबाबतीत मध्य रेल्वेच्या प्रवाशाला वेगळं काही समजावून सांगायला नको.